बडीशेपच्या ताटलीतली कमाई

2025 च्या जुलै महिन्यात कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. ती बातमी मालेगावात पोचली आणि माझ्या कॅम्पातल्या ऑफिसात एक नवाच प्रश्न येऊ लागला. मी कर सल्लागार आहे. माझ्याकडे येतात ते सूतव्यापारी, यंत्रमागवाले, कांद्याचे अडते. हा प्रश्न घेऊन येणारे त्यांतले नव्हते. महामार्गावरच्या हॉटेलांतले वेटर, लॉजवर सामान उचलणारी पोरं, लग्नाच्या हॉलमध्ये वाढायला जाणारे, असे ते होते. “मॅडम, गिऱ्हाईक आता टिपसुद्धा मोबाईलवर टाकतं. दिवसाला दोन-अडीचशे जमतात. त्याच्यावर टॅक्स लागतो का? नोटीस येईल का?”

माझं उत्तर दोन वाक्यांचं असतं. टिप हे उत्पन्न आहे आणि कायद्याने ते करपात्र आहे. तुला मात्र त्यावर एक रुपयाही भरावा लागणार नाही. पहिल्या वाक्याला माणूस घाबरतो आणि दुसऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आपल्या देशात या प्रश्नावरचा शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2016 रोजी दिला. खटला होता आयटीसी कंपनीच्या हॉटेलांचा, आणि सोबत इतरही मोठी हॉटेलं होती. मोठ्या हॉटेलात गिऱ्हाईक कार्डाने बिल भरतं आणि त्याच पावतीवर टिपची रक्कम लिहितं. ते पैसे आधी हॉटेलच्या खात्यात जमा होतात, मग हॉटेल ते कर्मचाऱ्यांत वाटतं. आयकर खात्याचं म्हणणं असं की हॉटेलच्या हातून वेटरला मिळालेला पैसा म्हणजे पगारच. मग पगारावर कापता तसा टीडीएस यावरही का कापला नाही? खात्याने हॉटेलांना कसूरदार ठरवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 साली खात्याची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयात न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्यापुढे मात्र ती टिकली नाही.

त्यांची मांडणी सरळ आहे. पगार तो, जो नोकरीच्या कराराने मालकाकडून येणं लागतो. टिप गिऱ्हाईक आपल्या खुशीने देतं. मालक ती फक्त काही वेळ सांभाळतो, विश्वस्तासारखी. वेटरचा मालकावर टिपसाठी कराराचा हक्क नाही आणि मालकाच्या खिशातूनही ती जात नाही. म्हणून ती पगार नव्हे आणि मालकाने तिच्यावर टीडीएस कापायचा नाही. पण म्हणून ती करमुक्त झाली का? नाही. न्यायालयाने तेही स्पष्ट केलं की वेटरच्या हातात ती ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ म्हणून करपात्र आहे. निकालाची बातमी वाचून ‘टिपवर टॅक्स नाही’ असा समज पुष्कळांचा झाला, आमच्या धंद्यातल्या काहींचासुद्धा. टॅक्स नाही असं न्यायालय कुठेही म्हणालेलं नाही. तो कापून घेण्याची जबाबदारी मालकाची नाही, एवढंच ते म्हणालं.

या निकालाला आधार मिळाला तो आपल्या विदर्भातल्या एका जुन्या खटल्याचा. बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या कारखान्यावर एका परदेशी कंपनीने आपला माणूस पाठवला होता, एमिल वेबर त्याचं नाव. त्याचा पगार परदेशी कंपनी देई, पण त्याचा इथला आयकर बल्लारपूरवाले भरत. मग हा भरलेला कर त्याचा पगार धरायचा की काय? 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बल्लारपूर कंपनी त्याची मालक नाही, म्हणून हा पगार नाही. उत्पन्न मात्र आहे, आणि ते इतर स्रोतांत जाईल. त्या परदेशी माणसाला लावलेलं सूत्र वेटरलाही लागू पडलं.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली. कलमांचे आकडे बदलले. पगार आणि इतर स्रोत हे दोन कप्पे मात्र आहेत तसेच आहेत.

आता खरा प्रश्न. खुशीने दिलेला पैसा उत्पन्न कसा? ती तर भेट झाली. माझ्याकडे येणारी पोरं हेच म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. न्यायालयांनाही या गोष्टीने पुष्कळ छळलं आहे. भावनगर संस्थानच्या महाराजांनी आपल्या निवृत्त दिवाणांना, अनंतराय पट्टणींना, पाच लाख रुपये दिले. आयकर खात्याने ते उत्पन्न धरलं. 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा स्नेहापोटी दिलेला वैयक्तिक गौरव आहे, त्यावर कर नाही. इंग्लंडमध्ये केंटचा क्रिकेटपटू जेम्स सिमूर याच्या मदतीसाठी 1920 साली सामना झाला. त्यातून जमलेली रक्कमही तिथल्या सर्वोच्च पीठाने 1927 साली करमुक्त ठरवली. उलट त्रिवेंद्रमला वेदान्त शिकवणाऱ्या पी. कृष्ण मेनन यांना त्यांच्या लेव्ही नावाच्या इंग्रज शिष्याने मोठ्या रकमा दिल्या. गुरूने मागितल्या नव्हत्या, शिष्याने भक्तीने दिल्या होत्या. तरी 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शिकवणं हा त्यांचा व्यवसाय होता, पैसा त्या शिकवण्यामुळे आला, म्हणून तो उत्पन्न. देणाऱ्याच्या मनात काय होतं याने फरक पडत नाही.

मला हे फरक करणं योग्य वाटतं. पैसा माणसासाठी आला की त्याच्या कामासाठी, एवढंच विचारायचं. 1947 च्या एका इंग्रजी खटल्यात टॅक्सीवाल्याच्या टिपबद्दल न्यायाधीशांनी फार छान समजावलं आहे. रोजच्या भाड्यावर मिळणारी टिप ही कमाई. पण एखाद्या रोजच्या गिऱ्हाइकाने नाताळात किंवा टॅक्सीवाला सुट्टीवर निघताना, ‘तू वर्षभर माझं इतकं बघितलंस, हे घे,’ म्हणून दहा पौंड दिले तर ती भेट. आपल्याकडे दिवाळीला पोस्टमनला, दूधवाल्याला पोस्त देतात, ईदला हॉटेलातल्या पोऱ्याला ईदी देतात. त्यातलं बरंचसं या दुसऱ्या बाजूला जाईल. बडीशेपच्या ताटलीत रोज पडणाऱ्या वीस-पन्नासच्या नोटा मात्र पहिल्या बाजूच्या. त्या थाळीसाठी, पाण्याच्या ग्लासासाठी, हसून केलेल्या चौकशीसाठी मिळतात. ती वेटरची मेहनत आहे. तिला भेट म्हणणं म्हणजे त्या मेहनतीचं मोल नाकारणं, असं मला मनापासून वाटतं.

मालेगावात राहणाऱ्याला आणखी एक बाजू दिसते. इथला यंत्रमाग कामगार मीटरवर कमावतो. जितकं कापड निघेल तितके पैसे. लाईट गेली की कमाई थांबते, धागा सारखा तुटला की कमाई घटते. त्याला टिप कोण देणार? शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी हेच कामगार चहाच्या हॉटेलांत येऊन बसतात. टेबलाच्या एका बाजूला कामगार, दुसऱ्या बाजूला कटिंग आणून ठेवणारा वेटर. समजा दोघांची वर्षाची कमाई सारखीच आहे. एकाची सगळी मीटरची, दुसऱ्याची अर्धी पगाराची आणि अर्धी टिपची. दुसऱ्याची अर्धी कमाई कायद्याने माफ करायची असेल तर पहिल्याला काय सांगायचं? दोघंही घामाचंच खातात. ज्यांना टिप मिळते त्यांनाच सूट, हा न्याय मला पटत नाही.

मग गरीब वेटरकडून टॅक्स घ्यायचा का? इथे आकडे बघावे लागतात. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत वर्षाला 4 लाखांपर्यंत करच नाही, आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलतीने शून्य होतो. मालेगावच्या वेटरचा अंदाज धरू. पगार महिन्याला 12,000 रुपये, म्हणजे वर्षाला 1,44,000. टिप दिवसाला 250, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे वर्षाला 78,000. एकूण 2,22,000. चार लाखांच्या कितीतरी खाली, म्हणजे विवरणपत्र भरण्याचीही सक्ती नाही. आता मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातला माणूस घेऊ. पगार महिन्याला 40,000 आणि टिप 15,000. पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यावर त्याचं करपात्र उत्पन्न 5,85,000 होतं. हिशेबाने कर निघतो 9,250 रुपये, तो सवलतीत पूर्ण माफ. त्याने विवरणपत्र भरायला हवं, पण पैसे भरायचे नाहीत.

आयटीसीचा खटला ज्या वर्षांच्या टिपवरून उभा राहिला, ती 2003-04 च्या आसपासची होती. तेव्हा 50,000 रुपयांच्या वर उत्पन्न गेलं की कर सुरू व्हायचा. तेव्हा मोठ्या हॉटेलातल्या वेटरला टिपवरचा कर खरोखर टोचत असणार. आज टोचत नाही. लहान कमाई वाचवायची असेल तर सगळ्यांसाठीची मर्यादा वर न्यायची, हा रस्ता आपण घेतला आणि तो बरोबर आहे. त्यात यंत्रमागवालाही सुटतो, वेटरही सुटतो.

अमेरिकेने दुसरा रस्ता घेतला. 2024 च्या निवडणुकीत ‘टिपवर कर नाही’ ही घोषणा गाजली आणि 4 जुलै 2025 रोजी तसा कायदा झाला. 2025 ते 2028 या चार वर्षांत टिपपैकी 25,000 डॉलरपर्यंतची रक्कम संघराज्याच्या आयकरातून वगळता येते. दीड लाख डॉलरांच्या वर उत्पन्न गेलं की सूट कमी होत जाते. सामाजिक सुरक्षेची कपात मात्र टिपवर चालूच राहते. कोणत्या कामांना परंपरेने टिप मिळते याची यादी सरकारला करावी लागली, नाहीतर उद्या वकीलही फीला टिप म्हणू लागले असते. आणि ज्यांची कमाई इतकी थोडी की मुळात करच लागत नव्हता, त्या वेटरांच्या हाती या सवलतीतून काही पडलं नाही. तिथली खरी दुखणी वेगळी आहेत. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा संघराज्याचा किमान पगार 1991 पासून ताशी 2.13 डॉलर आहे. इतरांसाठी तो 7.25 आहे. मधलं अंतर गिऱ्हाइकाच्या खुशीने भरायचं. कर माफ केल्याने ते अंतर बुजत नाही.

आपल्याकडे कायद्याने ते अंतर ठेवलेलं नाही. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या 1976 च्या निकालात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी टिप पगारात मोजायला नकार दिला. मालकाने टिपकडे बोट दाखवून पगाराचा हक्क टाळायचा नाही. कायदा हा असा आहे. व्यवहारात मात्र मी उलटं पाहिलेलं आहे, आणि तेही घरातच.

माझे वडील, नाना, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका हॉटेलात वेटर होते. हॉटेलचं नाव लिहीत नाही, ते आता बंद झालं आहे. रात्रीच्या बसगाड्या तिथे थांबायच्या. पगार ठरवतानाच मालकाने सांगितलं होतं, ‘पगार कमी आहे, पण टिप चांगली आहे.’ टिप सगळी एका डब्यात पडायची. रविवारी तिचे वाटे व्हायचे. वस्ताद, तंदूरवाला, मोरीवर भांडी घासणारा, टेबल पुसणारा पोऱ्या, सगळ्यांना वाटा. नाना सांगत, वाट्यावरून भांडण कधी झालं नाही, कारण मोजणी सगळ्यांसमोर व्हायची. त्या पैशांतून आमचं किराणा सामान भरलं गेलं, माझी बी.कॉम.ची फीसुद्धा. पुढे घराला दोन खोल्या वाढवायच्या म्हणून नाना कर्ज मागायला एका पतसंस्थेत गेले. पगाराची पावती बघून मॅनेजर म्हणाले, “काका, एवढ्या पगारावर कर्ज बसत नाही.” नाना म्हणाले, “साहेब, टिप धरली तर दुप्पट होतात.” मॅनेजरांनी विचारलं, “कुठे लिहिलंय?”

कुठेही लिहिलेलं नव्हतं. वीस वर्षं घर चालवणारा पैसा कागदावर कुठेच नव्हता. नानांचा पीएफ पगाराच्या आकड्यावर कापला गेला. गिऱ्हाइकाकडून येणारा पैसा मजुरीत मोजायचा नाही ही भूमिका पुढे कामगार विम्याच्या कायद्यातही आली. कर्नाटकातल्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेवा शुल्क मजुरी नाही म्हणून त्यावर ईएसआयची वर्गणी लागत नाही असं ठरवलं. मालकाला फायदा देऊ नये म्हणून जी भिंत घातली, तीच कामगाराच्या म्हातारपणाच्या पैशालाही आडवी आली. माझ्या मते टिपच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. टॅक्स हा त्यातला अगदी छोटा तुकडा.

म्हणूनच मी सांगते, टिप उत्पन्न धरली जाते यात वेटरचं हित आहे. इंग्लंडमध्ये 1908 साली रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या एका वेटरच्या अपघात भरपाईचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने त्याच्या कमाईत टिप धरली. मालकाला ठाऊक असलेली, रोजच्या कामातून नियमित मिळणारी टिप ही त्याची कमाईच होती. आपल्या महामार्गावर रात्री दोनला काम संपवून मोटारसायकलने घरी जाणाऱ्या पोरांचे अपघात होतात, हे मालेगावकरांना सांगायला नको. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी ठरवतं? मृताचं वर्षाचं उत्पन्न, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा भाग वजा, आणि उरलेल्याला वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणायचं. 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे 26 ते 30 वयाला हा अंक 17 आहे. बायको आणि एक मूल मागे असेल तर एक तृतीयांश वजा होतं. आपल्या मघाच्या वेटरची 78,000 ची टिप धरली तर त्यातले 52,000 उरतात. गुणिले 17, म्हणजे 8,84,000 रुपये, भविष्यातली वाढ न धरता. टिप कागदावर नसेल तर तेवढी रक्कम मिळवायला कुटुंबाला झगडावं लागतं. असलेल्या कागदांत सर्वांत भक्कम कागद कोणता? विवरणपत्र. ते कायद्याने भरलेलं अधिकृत दस्त आहे, भरपाई ठरवताना त्यावर भिस्त ठेवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने मलरविळी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात म्हटलेलं आहे.

शून्य कराचं विवरणपत्र म्हणजे वाया गेलेला कागद, असं समजू नका. पतसंस्थेत, बँकेत, न्यायाधिकरणात तोच बोलतो.

बाकी काम सरकारचं आहे. ब्रिटनमध्ये टिपच्या वाटपाचा कायदा 2023 साली मंजूर झाला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. टिप असो की सेवा शुल्क, मालकाने एक पैही न ठेवता ते कामगारांना द्यायचं, वाटप न्याय्य हवं, आणि त्याची नोंद ठेवायची. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिऱ्हाईक वाचलं, चांगलं झालं. पण खुशीने दिलेली टिप गल्ल्यात अडकली तर वेटरने कुठे जायचं, याचं सरळ उत्तर त्यात नाही. मला टिपवर कर माफी नको आहे. टिप पूर्ण मिळालीच पाहिजे आणि तिची नोंद झालीच पाहिजे, असं सांगणारं एक कलम हवं आहे. ते आलं तर पगार आणि टिप दोन्ही धरून पीएफची ऐच्छिक वर्गणी भरायची सोयही करता येईल.

हॉटेलमालकांना एवढंच सांगणं आहे. टिपचा डबा आठवड्याला सगळ्यांसमोर मोजा आणि वाट्याची वही ठेवा. तिच्याने तुमचा टीडीएस वाढत नाही, 2016 च्या निकालाने तुम्हाला त्यातून मोकळं केलं आहे. जेवायला जाणाऱ्यांनो, मोबाईलवरून टिप देणार असाल तर आधी विचारा, हा क्यूआर कोड तुझा की हॉटेलचा?

आणि वेटर भावांनो, यूपीआयवर टिप घ्यायला घाबरू नका. पगारी नोकर म्हणून तुम्ही जेवण वाढता, तुमचा स्वतःचा धंदा नाही, त्यामुळे बंगळुरूसारखी जीएसटीची नोटीस तुम्हाला यायचं कारण नाही. रोखीची टिप त्याच रात्री तारखेसह वहीत लिहा. वाट्यातून जेवढी तुमच्या हातात पडली तेवढीच तुमची, बाकीची ज्याची त्याची. मग पगार ‘पगार’ या रकान्यात आणि टिप ‘इतर स्रोत’ या रकान्यात टाकून आयटीआर-1 भरा. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट भरता येतं, आणि नेहमीची मुदत 31 जुलै असते.